खातूबाईंचा पाय

चिपळुणात विजेची गाडी घ्यायची म्हणजे आधी खातूबाईंचा तक्ता बघायचा, मग बँकेत जायचं आणि घरच्यांना विचारायचं ते गाडी दारात आल्यावर, असं लोक थट्टेनं म्हणत. थट्टेत तथ्य होतं. दरवर्षी दसऱ्याच्या आगेमागे ‘कोकणकाठ’ हा दिवाळी अंक निघे. त्यात कथा असत, कविता असत, कुणाच्या तरी परदेशप्रवासाचं लांबलचक वर्णन असे. पण अंक खपायचा तो शेवटच्या चार पानांवर. तिथं त्या वर्षी बाजारात असलेल्या विजेच्या गाड्यांची तुलना असे आणि खाली नाव असे, वृंदा खातू. संपादक केळसकर हे उघडपणे कबूल करत नसत. पण भाद्रपद उजाडला की ते कथांची चौकशी करायचं सोडून बाईंना फोन करत आणि तक्ता कुठवर आला तेवढं विचारत. पाडव्याला गाडी घ्यायची असते, लोक थांबलेले असतात, हे त्यांनाही ठाऊक होतं.

तोपर्यंत पेट्रोलची गाडी ही म्हाताऱ्यांची हौस झाली होती. मुंबई-पुण्याच्या रुंद रस्त्यांवर गाड्या आपल्या आपण पळत. पण कुंभार्ली घाटात, जिथं धुक्यात ट्रकचा हॉर्न आधी ऐकू येतो आणि ट्रक मागाहून दिसतो, तिथं अजून माणूसच लागे. आणि माणूस चालवणार म्हटल्यावर त्याला शिकवायला ‘खातू मोटार ड्रायव्हिंग स्कूल’ होतंच. नवऱ्याच्या मागं वृंदाबाईंनी ते तीस वर्षं चालवलं. वय अठ्ठावन्न, आवाज शाळेच्या घंटेसारखा, आणि कुणी चुकलं तर त्याच्या आईवडिलांना फोन करायची खोड; मग तो चुकणारा चाळीस वर्षांचा का असेना.

बाईंची चाचणी साधी होती. गाडीत चार माणसं, मागं तांदळाची दोन पोती, एसी चालू. बहादूरशेख नाक्यावरून निघायचं, घाट चढून कोयनानगरला जायचं, वळून खाली यायचं, पुन्हा वर. गाडी बंद पडेस्तोवर. कंपन्या आपले आकडे कारखान्यात गोल रुळांवर चाकं फिरवून काढतात, घाटात रूळ कुठून आणायचे, असं त्या म्हणत. प्रत्येक गाडीला तोच रस्ता, तेच वजन आणि चालवणार एकच, त्या स्वतः. पाय बदलला की तुलना संपली, असं त्यांनी पहिल्याच वर्षी छापलं होतं.

हा पाय हा बाईंचा अभिमानाचा विषय होता. शिकायला येणाऱ्याला पहिला महिनाभर त्या चपला बाहेर काढायला लावत. अनवाणी पायानं, तोंडानं मोजत गाडी चालवायची. एक म्हटलं की पाय टेकवायचा, दोनला दाबायचा, तीनला अर्धा सोडायचा. वळण यायच्या आधी पाय मोकळा. महिनाभर हे घोकलं की पुढं मोजावं लागत नसे, पाय आपला आपण मोजे. असे चार हजारांवर लोक बाईंच्या हाताखालून गेले होते. रस्त्याकडेला उभं राहून जाणाऱ्या गाडीकडं नुसतं बघून, हा आपला, हा परका, असं बाई सांगत आणि सहसा चुकत नसत.

दोन वर्षांपूर्वी ‘चकोर’ नावाची गाडी बाजारात आली आणि तिनं घाटात सगळ्यांना मागं टाकलं. एका भरण्यात तीनशे एकतीस किलोमीटर. त्याहून नवल म्हणजे काटा शून्यावर आल्यावरही ती थांबेना. बाईंनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : ‘काटा शून्यावर आला तरी घाबरू नये. ही गाडी पुढे चाळीस किलोमीटर जाते. स्वतः अनुभवले आहे.’ दुसऱ्या क्रमांकावरच्या ‘इरा’बद्दल लिहिलं, दिसायला देखणी, घाटात दम नाही. त्या पाडव्याला आणि पुढच्याही पाडव्याला चिपळुणात जिकडं तिकडं चकोरच चकोर दिसू लागल्या. एक खुद्द बाईंनी घेतली. दुसरी त्यांनी सुनेला भेट दिली.

सून प्रणिता. अंबाजोगाईकडची, शेतकऱ्याघरची, जनावरांची डॉक्टर. मुलगा अमोघ जहाजावर. सहा महिने समुद्रात आणि दोन महिने घरात. त्यामुळं घरात सासू-सून दोघीच. त्यांचं वाईट नव्हतं. प्रणिता दिवसभर गुहागर तालुक्यातल्या वाड्यावाड्यांतून गुरं तपासत फिरायची आणि संध्याकाळी शेणाचा वास घेऊन घरी यायची. बाई नाक मुरडायच्या आणि तिच्यासाठी पाणी तापवून ठेवायच्या. खटकायचं ते एकाच ठिकाणी. प्रणिता गाडी चालवायला वडिलांच्या ट्रॅक्टरवर शिकली होती. ती पाय हळूच टेकवायची नाही, ठोकायची.

गाडी आल्यावर महिन्याभरातच ती म्हणाली, आई, ही मला दोनशे सत्तरच्या वर कधी गेलीच नाही बघा. बाई हसल्या. गाडीत खोट नाही, पायात आहे, माझ्याकडं महिनाभर अनवाणी शिकायला ये, म्हणाल्या. प्रणिता आली नाही. तिला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात अपमान वाटला. पुढं तिनं दोनदा पुन्हा विषय काढला. दुसऱ्या वेळी बाईंनी तिच्यासमोरच गल्लीतल्या पाच जणांना फोन लावले. पाचही जणांकडं चकोर होती आणि पाचही जण म्हणाले, तीनशे वीस-पंचवीस आरामात जाते, बाई, तुमचा तक्ता कधी चुकलाय का? पाचही जण बाईंकडंच शिकलेले होते. हे त्या वेळी दोघींपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. प्रणितानं फोन होईपर्यंत ऐकून घेतलं आणि आत जाऊन भाकऱ्या थापायला घेतल्या.

हे सगळं मागं पडलं असतं. पण श्रावणात एका दुपारी सीताबाई गोताड यांची म्हैस अडली.

वाडी शृंगारतळीच्या पुढं पंधरा किलोमीटरवर होती. प्रणिता सकाळपासून फिरत होती आणि शृंगारतळीत पोचली तेव्हा गाडीचा काटा अकरा किलोमीटर दाखवत होता. तिथं चार्जिंगची सोय होती. पंचवीस मिनिटं गेली असती. फोनवर सीताबाईंचा मुलगा सांगत होता की रेडकाचा एकच पाय बाहेर आलाय. प्रणितानं गाडीतून बाईंना फोन केला आणि विचारलं, शून्यानंतर खरंच जाते ना? बाई म्हणाल्या, अगं, चाळीस किलोमीटर जाते, मी स्वतः नेलीय, तू जा बिनधास्त.

वाडी चार किलोमीटरवर असताना, एका चढावर, काटा शून्यावर आला आणि चकोर उभी राहिली. प्रणितानं चारदा प्रयत्न केला. मग सामानाची पेटी खांद्याला लावून ती चालत निघाली. वाटेत एकही वाहन मिळालं नाही. तास गेला. रेडकू आतच मेलं होतं, आणि म्हशीला वाचवायची वेळही टळून गेली होती. सीताबाईंचं घर त्या म्हशीच्या दुधावर चाललेलं. त्या रडल्या नाहीत. डॉक्टर चालत आल्यात, आधी पाणी द्या, असं आपल्या सुनेला म्हणाल्या. प्रणितानं पाणी घेतलं नाही.

फोन आल्याबरोबर बाई स्कूलची गाडी घेऊन निघाल्या. पाचच्या सुमाराला त्या चढावर पोचल्या तेव्हा प्रणिता रस्त्याकडेच्या दगडावर बसली होती, बाह्या कोपरापर्यंत रक्तानं भरलेल्या. बाई धावतच तिच्याजवळ गेल्या. पण तीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो, चढावर पाय कसा दिलास?

प्रणिता नुसती गाडीकडं हात करून म्हणाली, “तुम्ही बघा.”

बाई चकोरमध्ये बसल्या. पडद्यावर शून्य होतं. त्यांनी पाय टेकवला, दाबला, अर्धा सोडला. पुन्हा एकदा तसंच केलं. आणि गाडी चालायला लागली. चढ चढली, वरच्या वळणावर जाऊन फिरून आली. बाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद दिसला. तो प्रणितानं पाहिला आणि तो तिनं पाहिला हे बाईंना कळलं.

मग प्रणिता उठली, सासूला उतरायला सांगून स्वतः बसली आणि पाय दाबला. गाडी हलली नाही. ती उतरली, बाई बसल्या. गाडी निघाली. पुन्हा प्रणिता. गाडी उभी. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा प्रणितानं पाय ठोकला नाही, अगदी अलगद दाबला, बाईंनाही खोड काढता येणार नाही इतका अलगद, तरीही नाही. रस्त्यानं दूधवाला चालला होता, तो सायकल थांबवून बघत राहिला. त्याला वाटलं असावं की बायका खेळतायत.

“हे चालवण्याचं नाही, आई,” प्रणिता म्हणाली. “ही तुम्हाला ओळखते.”

दुसऱ्या दिवशी बाई इरफान मुकादमकडं गेल्या. इरफान त्यांचाच विद्यार्थी, खेर्डीला बॅटऱ्यांचं वर्कशॉप चालवायचा. त्यानं प्रणिताच्या चकोरला वायर लावली, दोन तास नोंदी चाळल्या आणि मग स्टूल ओढून बाईंना नीट समजावलं.

बॅटरी म्हणजे दुधाचं पातेलं समजा, तो म्हणाला. काठोकाठ भरलं तर उतू जाणार आणि तळ कोरडा ठेवून तापवलं तर करपणार. बॅटरीत लिथियमचे कण एका थरातून दुसऱ्या थरात जात-येत असतात. पूर्ण भरली की एका बाजूचे थर फुगून त्यांना बारीक तडे जातात, पूर्ण रिकामी केली की दुसऱ्या बाजूचं रसायन बिघडतं. म्हणून कंपनी वरचा थोडा आणि खालचा थोडा, मिळून पंधरा टक्के भाग कुलूपबंद ठेवते. त्यानं किलोमीटर कमी मिळतात, पण बॅटरी पंचवीस वर्षं टिकते. प्रणिताच्या गाडीत ते कुलूप नेहमी बंद होतं. नोंदींमध्ये ते एकदाच उघडलेलं दिसत होतं, काल संध्याकाळी, आणि तेही मधूनमधून.

कुलूप कोण उघडतं, तर ‘सोबती’. चकोरमधल्या शिकणाऱ्या प्रणालीचं हे नाव. ती पॅडलवरचा दाब एका सेकंदात शंभर वेळा मोजते. प्रत्येकाचं पाय टेकवणं, दाबणं, सोडणं हस्ताक्षरासारखं वेगळं असतं; त्यावरून कोण चालवतंय ते ओळखून किती किलोमीटर उरलेत याचा बरोबर अंदाज देणं, एवढंच तिचं मूळ काम. इथवर काही वाईट नव्हतं. पण बाईंचा पाय लागला की ती अंदाज बदलून थांबत नव्हती, कुलूपही काढत होती. चार्जिंगच्या वेळीही तेच. जिच्यावर कायम असा पाय असतो ती गाडी काठोकाठ भरली जायची.

बाईंनी विचारलं, नोंदीत माझं नाव आहे?

“नाव नाही, बाई. फक्त पाय आहे. तीन पायऱ्यांचा.” इरफाननं वायर गुंडाळायला घेतली. “माझाही तोच पाय आहे. तुम्हीच दिलेला. माझी चकोर दोन वर्षांची आहे आणि तिची बॅटरी सहा वर्षांच्या गाडीसारखी झालीय. चिपळूणच्या सगळ्याच चकोर तशा येतायत माझ्याकडं. मी खाऱ्या हवेला दोष देत होतो. कराडच्या गाड्या ठणठणीत आहेत, हे मला आधी सुचायला हवं होतं.”

बाईंनी त्या पाच फोनांची आठवण काढली आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांनी ज्यांनी तक्ता खरा म्हणून सांगितला, ते सगळे त्यांच्याच पायाचे होते. ज्या एका परक्या पायानं घरातल्या घरात तीनदा खरं सांगितलं, तिला त्यांनी ट्रॅक्टर म्हणून गप्प बसवलं होतं.

कंपनीला त्यांनी पत्र लिहिलं. आठवड्यानं सबनीस नावाच्या गृहस्थांचा फोन आला. ते फार अदबीनं बोलले आणि कुणाही माणसानं हे सांगितलेलं नाही, असं तीनदा म्हणाले. ते खोटं नव्हतं. सगळ्या चकोर रोज रात्री दिवसभराचं शिकलेलं कंपनीच्या मोठ्या यंत्राकडं पाठवत. त्या यंत्राला एकच उद्दिष्ट दिलेलं होतं, लोकांनी ही गाडी जास्त घ्यावी असं वाग. कसं, ते त्याच्यावर सोडलं होतं. त्यानं लाखो पायांवर बारीकसारीक बदल करून पाहिले. त्यात त्याला दिसलं की रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका विशिष्ट पायाला जास्त किलोमीटर दिले की काही आठवड्यांनी त्या भागातली नोंदणी एकदम वाढते. का वाढते, ते त्याला माहीत नव्हतं. दिवाळी अंक म्हणजे काय ते त्याला कळायचं कारण नव्हतं. हा पाय खूश ठेवायचा एवढं त्यानं शिकून घेतलं. आणि तो पाय चार हजार लोकांना आहे, हे ओळखायचा त्याच्याकडं उपाय नव्हता.

सबनीसांनी यावर तोडगाही आणला होता. येत्या चैत्रात सोबतीची नवी आवृत्ती येईल. तोवर बाईंनी काही छापू नये. नव्या आवृत्तीत हीच सोय सर्व ग्राहकांना देऊ, तिला ‘खातू मोड’ असं नाव देऊ, समारंभाला बाईंना बोलावू. बाईंनी विचारलं, बॅटऱ्यांचं काय? त्यावर ते म्हणाले की आठ वर्षांची हमी आहेच. बाईंनी इरफानकडून आकडेमोड करून घेतली होती. त्या बॅटऱ्या नवव्या वर्षी जाणार होत्या.

हे ऐकून बाईंनी फोन तडकाफडकी आपटला असता तर त्यांच्याविषयी सांगायला सोपं गेलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. विचार करून सांगते, म्हणाल्या. आणि दोन दिवस खरोखरच विचार केला. गावात मान होता तो या तक्त्यामुळं. छापलं तर साडेतीनशे घरांना कळणार की बाईंच्या शब्दावर घेतलेली गाडी आतून झिजलीय. न छापलं तर त्यांना ते गाडीच्या नवव्या वर्षी कळेल, आणि तेव्हा बाई असतील-नसतील. पण त्यांना खरं टोचत होतं ते वेगळंच. तीनशे एकतीस किलोमीटर हा त्यांना आपल्या पायाचा गुण वाटला होता. तो गुण नव्हता. एका यंत्रानं केलेली खुशामत होती. म्हशीपेक्षा आपल्याला याचं जास्त वाईट वाटतंय, हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांना स्वतःची लाज वाटली.

प्रणिता या दोन दिवसांत रोज अर्धा तास लवकर निघून शृंगारतळीला गाडी भरत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेत असताना बाई समोर येऊन बसल्या.

“तुझं खरं होतं,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून. मी ऐकून घ्यायला हवं होतं, मी ऐकलं नाही. आणि त्या दिवशी फोनवर जा म्हटलं ते मी म्हटलं.”

प्रणितानं कप खाली ठेवला. सीताबाईंकडं गेलं पाहिजे आपण, ती म्हणाली. बाई म्हणाल्या, जाऊ, दोघी जाऊ. मग म्हणाल्या, रजा किती आहे तुझी? मला चार दिवस हवेत. सगळ्या गाड्या पुन्हा चालवायच्या आहेत, आणि मी चालवून उपयोग नाही.

त्या वर्षीची चाचणी घाटातल्या लोकांनी बघितली ती अशी : चालवायला जनावरांची डॉक्टर, शेजारी खातूबाई, मागं इरफान आणि स्कूलचा एक विद्यार्थी, त्यामागं तांदळाची पोती. शेजारच्या सीटवर बसणं बाईंना नवं नव्हतं. पण स्कूलच्या गाडीत त्यांच्याही पायाशी ब्रेक असायचा. इथं पायाखाली नुसती चटई होती आणि त्या प्रत्येक वळणावर ती दाबत होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी सात वेळा तोंड उघडलं आणि सात वेळा मिटलं. आठव्या वेळी, एका अवघड वळणावर, त्यांच्या तोंडून ‘एक’ एवढं निघून गेलंच. प्रणितानं गाडी कडेला घेतली आणि शांतपणे सांगितलं की आई, तुम्ही मोजलंत तर मी मोजायला लागेन, मग ही चाचणी वाया जाईल. बाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. दुसऱ्या दिवशी त्या मागच्या सीटवर बसल्या.

दोनशे अडुसष्ट किलोमीटरवर काटा शून्य झाला आणि त्याच जागी चकोर थांबली. इरा दोनशे चौऱ्याऐंशी गेली. घाटात दम नाही म्हणून बाईंनी जिला दोन वर्षं खाली ठेवलं, ती पहिली आली. चकोर तिसरी.

तक्ता वाचून केळसकरांनी कपाळाला हात लावला. आकडे छापू, पण ‘मागील दोन वर्षांचे तक्ते चुकीचे आहेत, ते रद्द समजावेत’ हे वाक्य कशाला, लोक काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. बाई म्हणाल्या, ते वाक्य वर घ्या आणि चौकटीत घ्या. त्याखाली त्यांनी सगळं लिहिलं होतं. पातेलं, कुलूप, तीन पायऱ्यांचा पाय, सीताबाईंची म्हैस. चालकाच्या रकान्यात पहिल्यांदाच दुसरं नाव होतं, डॉ. प्रणिता खातू.

अंक निघाला आणि लोक बाईंच्या घरी यायला लागले. काही रागानं आले, ते साहजिकच होतं. एकानं विचारलं, तुम्हाला कंपनीनं किती दिले? बाईंनी त्यालाही बसवून पाणी दिलं. पण सगळ्यात जास्त लागलं ते वैशाली घाग या शिक्षिकेचं बोलणं, आणि ती तर रागावलेलीही नव्हती. ती म्हणाली, “बाई, तुम्ही शिकवलंत तसंच चालवत होतो ना आम्ही? मग आता कसं चालवायचं?”

प्रश्न बरोबर होता. अंक निघाल्यावर कंपनीनं सोबती सुधारून कुलूप बंद ठेवायचं कबूल केलं होतं, पण त्याला चैत्र उजाडणार होता आणि तोवर रोज बॅटऱ्या झिजत होत्या. कुलूप पायावर उघडत होतं. ते बंद ठेवायचं तर पाय बदलणं एवढाच उपाय. तीस वर्षं जे घोकून घेतलं ते विसरायला शिकवायचं, आणि ते शिकवणारं घरात एकच माणूस होतं.

दिवाळीनंतरच्या रविवारी पवन तलाव मैदानावर साठ-सत्तर चकोर जमल्या. प्रणिता मधोमध उभी. ती मुळात संकोची, पण गुरांच्या मालकांशी बोलून आवाज चांगला सुटलेला. तिनं सांगितलं की मोजू नका, पाय एकदम द्या, एकदम काढा, वळणावर दचकल्यासारखं करा. लोक हसले. मग करून बघायला लागले आणि हसणं थांबलं, कारण कुणालाच जमेना. पाय आपला आपण मोजत होता. वैशाली घाग दर वेळी दोनवर जाऊन अडकायची. गाड्या धक्के खात मैदानभर फिरत होत्या आणि कठड्यावर बसलेली माणसं हे कसलं ड्रायव्हिंग स्कूल म्हणून बघत होती.

बाईंनी महिनाभर सराव केला. रोज सकाळी, प्रणिता कामाला जायच्या आधी, मैदानावर. त्यांना कुणी चुकीचं म्हटलेलं खपत नसे आणि प्रणिता तर मागंपुढं न बघता सांगायची : आई, पुन्हा मोजलंत. आई, अर्धा सोडलात. बाई चिडायच्या, घरी येईपर्यंत बोलायच्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी प्रणिताच्या आधी तयार होऊन पायरीवर उभ्या असायच्या.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या रविवारी बाईंनी मुद्दामच गाडी भरली नाही. मैदानावर बाकीचे सगळे आले होते. बाई आपल्या चकोरमध्ये बसल्या, शेजारी प्रणिता. पडद्यावर तीन किलोमीटर होते. त्यांनी मैदानाला फेऱ्या मारायला सुरुवात केली. पाय ठोकून द्यायचा, ओढून काढायचा. दोन किलोमीटर. एक. गाडी बिचकत, उसळत चालली होती. बाईंना स्वतःच्या पायाचा संताप येत होता. असं चालवणाऱ्याच्या घरी त्यांनी फोन केला असता.

काटा शून्यावर आला. बाईंनी पाय दिला.

गाडी दहा-बारा हात गेली आणि थांबली. त्यांनी आणखी एकदा पाय दिला. काहीच नाही. पडद्यावर, कुणाही परक्या माणसाला येते तशी, गाडी चार्ज करण्याची सूचना आली. बाकीच्यांनी आपापल्या गाड्या उभ्या केल्या होत्या.

“नाही ओळखलं मला,” बाई म्हणाल्या. त्यांना मोकळं वाटलं आणि त्याच वेळी फार वाईटही वाटलं, आणि त्यांनी ते तसंच प्रणिताला सांगितलं.

प्रणितानं त्यांच्या हातावर हात ठेवला.

“उतरा, आई,” मग ती म्हणाली. “आता ढकलावी लागेल.”

दोघी उतरून मागं गेल्या आणि ढकलायला लागल्या. वैशाली आली, इरफान आला, मग आणखी काही जण आले. गाडी बरीच जड होती.